फासे आणि फायली

विदर्भातल्या एका वनपरिक्षेत्र कार्यालयात मुद्देमालाची खोली बघायला मिळाली. खोली कसली, जिन्याखालची अडगळच. आत जप्तीची एक मोटारसायकल, तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला. सागाच्या चार चिराण फळ्या. गंजलेली भरमार बंदूक. आणि खिळ्याला टांगलेले तारेचे फासे. बहुतेक क्लचवायरचे, ती तार कुठल्याही गॅरेजात मिळते. एका टोकाला पक्की गाठ, दुसऱ्या टोकाला सरकता फेरा. लावणाऱ्याच्या डोक्यात रानडुक्कर असतं, पण वाटेनं कोण येईल यावर त्याचा ताबा नसतो. एका फाशाच्या गाठीत अजून केस अडकलेले होते, पिवळसर, बोटभर लांब. चितळाचे की आणखी कुणाचे, ते तिथल्या माणसालाही आठवत नव्हतं.

प्रत्येक वस्तूला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. गुन्हा क्रमांक, तारीख, बीट, कंपार्टमेंट, पंचांच्या सह्या. काही चिठ्ठ्यांवरची शाई ओलीनं पसरली होती, नुसता वर्षाचा आकडा लागत होता. खटला उभा राहायला पाच-सात वर्षं सहज जातात. तोवर चिठ्ठी टिकली नाही तर कोर्टात तो फासा म्हणजे हातभर तार.

*

तिथल्याच वनपालाचं बोलणं, जसंच्या तसं उतरवून घेतलेलं :

“भाऊ, वाघ मेला का सारे येतात. साहेब येतात, टीव्हीवाले येतात, तुमी बी येता. फासा सापडला तं कोन येते? आमीच जातो, आमीच पंचनामा करतो. जंगलात पंच कुठून आनाव? मंग आपल्याच मजुराची सही घेतो.”

हे शेवटचं वाक्य बचावपक्षाच्या वकिलाला पुरतं. पंच हा वनखात्याचा रोजंदार मजूर असेल तर उलटतपासणीला दहा मिनिटंही लागत नाहीत.

*

वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 चा. कागदावर तो बऱ्यापैकी कडक आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर किमान तीन वर्षं कैद, कमाल सात. 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान 25 हजार. वन्यप्राण्याचा अवयव कुणाच्या ताब्यात सापडला तर तो बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच. आणि एक तरतूद तर पोलिसांनाही हेवा वाटावा अशी : पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या, तसे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो.

मग आरोपी सुटतात कसे? कलम 55 मुळे पुष्कळदा. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट ठरावीक अधिकाऱ्यानं केलेल्या रीतसर तक्रारीवरच घेतं. गावच्या ठाण्यातल्या फौजदारानं धाड टाकली, कातडं पकडलं, फोटो छापून आले, नेहमीच्या सवयीनं दोषारोपपत्र गेलं. तक्रार मात्र कुणीच दाखल केली नाही. काही वर्षांनी वकील उठतो आणि तक्रार कुठे आहे, एवढंच विचारतो. सगळं बरखास्त.

तस्करांशी लढण्यासाठी ड्रोन हवेत, शस्त्रं हवीत, असं भाषणांत नेहमी ऐकू येतं. असू देत. त्याआधी प्रत्येक परिक्षेत्रात तक्रारीचा मसुदा बिनचूक लिहू शकणारा एक माणूस आणि जिल्ह्याला एक जाणता सरकारी वकील हवा. याला खर्च कमी येतो. उद्‌घाटनही करता येत नाही, म्हणूनच बहुधा ते मागे पडतं.

*

वाघ मेला की पंचनाम्यात नखं मोजतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण 18. सुळे चार. मिशा, कातडं शाबूत आहे की नाही तेही लिहितात. राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाचा दंडक असा, की उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक मृत्यू शिकारच धरायचा. शवविच्छेदनाला प्राधिकरणाचा प्रतिनिधी हजर लागतो. नंतर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण दहन. हाडाचा तुकडाही उरू द्यायचा नाही, कारण त्या तुकड्यालाही गिऱ्हाईक आहे.

*

आकडे एकदा लिहून ठेवतो. 2006 च्या देशव्यापी गणनेत वाघ 1411. 2022 च्या गणनेत 3682. महाराष्ट्रात याच काळात 103 चे 444 झाले. अभिमानाची गोष्ट आहे यात वाद नाही. मात्र चंद्रपूर जिल्ह्यातले कितीतरी वाघ ताडोबाच्या हद्दीबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागात, धानाच्या बांध्यांना लागून राहतात. तिथे ना फाटक, ना जिप्सी, ना विशेष दल. संरक्षित क्षेत्र यशस्वी झालं की त्याची पिल्लं असंरक्षित क्षेत्रात जाऊन वसतात, आणि शिकाऱ्याला हे वनखात्याइतकंच ठाऊक असतं.

*

सारिस्का. राजस्थानातल्या या व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, ही बातमी 2005 च्या सुरुवातीला फुटली. कागदोपत्री ते होते. दरसालच्या गणनेत ठशांवरून मोजलेही जात होते. त्या धक्क्यातून सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला गेला, पुढे 2006 ची कायदादुरुस्ती झाली, व्याघ्रसंवर्धन प्राधिकरण आलं आणि 2007 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो. या ब्युरोचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत आहे.

त्याच 2005 मध्ये कातड्यांचा कुख्यात तस्कर संसारचंद दिल्लीत पकडला गेला. सीबीआयच्या चौकशीत त्यानं नेपाळ-तिबेटकडच्या मोजक्या चार गिऱ्हाइकांना 470 वाघांची आणि 2130 बिबट्यांची कातडी विकल्याचं सांगितलं, असं तेव्हा प्रसिद्ध झालं. या माणसानं स्वतः बंदूक हातात घेतली नसेल. दिल्लीतल्या सदर बाजारच्या गल्ल्यांतून तो ऑर्डरी देई आणि माल फिरवी. जंगलात जाणारा माणूस हजारांत विकत मिळतो. लाख कमावणारा जंगल बघतसुद्धा नाही. आपण मात्र बहुतेकदा जंगलात जाणाऱ्यालाच पकडत राहिलो.

*

मागणीबद्दल एक उदाहरण, जे कुठल्याही परिसंवादात फारसं निघत नाही. जानेवारी 2006 मध्ये दलाई लामांनी अमरावतीच्या कालचक्र सोहळ्यात, वाघ-बिबट्याची कातडी लावलेले कपडे घालणं सोडा, असं तिबेटी लोकांना कळकळीनं सांगितलं. (आपली वऱ्हाडातली अमरावती नव्हे, आंध्रातली.) त्यानंतर तिबेटात लोकांनी आपल्या कातड्याच्या किनारीचे पिढीजात झगे चौकात आणून जाळले. बाजार त्यानं संपला नाही, हाडांना पूर्वेकडे गिऱ्हाईक होतंच. पण कातड्याच्या एका मोठ्या पेठेला त्या एका प्रवचनानं जे केलं ते धाडींना जमलं नव्हतं.

*

मेळघाट, 2013. ढाकणा भागात वाघाची शिकार झाल्याचं उघड झालं आणि धागा मध्य प्रदेशातल्या कटनीकडच्या बहेलिया टोळीपर्यंत गेला. या टोळ्यांचं हत्यार म्हणजे जबड्याचा लोखंडी सापळा. वाघाच्या पायवाटेवर पाचोळ्याखाली तो पुरतात. वाघ पाय टाकताना टोचणारी जागा टाळतो, हे त्यांना पक्कं माहीत. म्हणून वाटेच्या कडेनं खडे नाहीतर काट्या अशा पसरतात, की त्याचा पंजा नेमका हव्या त्या ठिकाणी पडावा. जाणत्या वनरक्षकाला त्यामुळे सापळ्याआधी खडे दिसतात. जंगलात खडे ओळीनं पडत नाहीत.

त्या प्रकरणाची खरी कमाई मात्र जंगलाबाहेरची. मोबाइलचे तपशील, मनोऱ्यांची ठिकाणं, कुणी कुणाला कधी फोन केला याचे तक्ते. मेळघाटात सायबर कक्ष उभा राहिला आणि वनखात्यातली माणसं रात्री कॉल रेकॉर्डच्या याद्या चाळू लागली. पुढे बऱ्याच आरोपींना शिक्षा लागल्या. नुसता कबुलीजबाब न्यायाधीशांना पुरा पडत नाही. त्याच्या जोडीला त्या दिवशी त्या मनोऱ्याखाली तो फोन होता हे दाखवता आलं, तर वकिलाला फारसं बोलता येत नाही.

*

जून 2023 : गुवाहाटीत वाघाचं कातडं आणि हाडं पकडली गेली. तपास उलटा चालत गडचिरोलीत आला. जानेवारी 2025 : चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याजवळ एक कुख्यात शिकारी सापडला. पैशांच्या देवाणघेवाणीचा माग काढत पथक शिलाँगला पोहोचलं. तिथून पुढची वाट म्यानमारच्या सीमेची. पूर्वी माल नेपाळमार्गे तिबेटला जाई, आता ईशान्येकडून चाललाय. गडचिरोलीच्या वनरक्षकाला मेघालयाच्या बँक खात्यांचं काय, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

कातड्याचा पत्ता कसा लागतो? पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपलेल्या वाघांच्या छायाचित्रांचा साठा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आहे. जप्त कातडं पसरून फोटो काढला आणि साठ्याशी ताडून पाहिला, की तो वाघ जिवंत असताना कुठल्या नाल्याकाठी फिरत होता ते कळू शकतं. गणनेसाठी बांधलेले कॅमेरे असे गुन्ह्याचे साक्षीदार होतात. मला ही या सगळ्यातली सर्वात समाधानाची गोष्ट वाटते.

*

तस्करीच्या चर्चेत एक मरण राहून जातं : विजेचं. शेताभोवती उघडी तार, खुंट्यांवर वीतभर उंचीला ताणलेली, आणि रात्री वरच्या वाहिनीवर आकडा. हेतू डुक्कर-नीलगाय अडवायचा, नाहीतर मटणाचा. एप्रिल 2017 मध्ये नागभीड भागात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या गाजलेल्या ‘जय’चा हा मुलगा, गळ्यात रेडिओ कॉलर. कॉलरचा संदेश एकाच जागी खिळला म्हणून शोध घेतला, तर कॉलर हाती लागली आणि शेतात पुरलेला वाघ. शेतकरी घाबरला होता. त्यानं कातडं विकायचा प्रयत्नही केला नव्हता.

कॉलर नसती तर? वाघ बेपत्ता, एवढीच नोंद. आणि असा पुरलेला वाघ कुणा दलालाच्या कानावर गेला तर पुढच्या वेळी शेतकऱ्याला खड्डा खणायची गरज राहत नाही. रात्रीतून गाडी येते. म्हणून जंगलालगतच्या शेतकऱ्याला सौर कुंपण आणि पिकाची भरपाई वेळेत देणं हा तस्करीविरोधी कारवाईचाच भाग मानायला हवा. सध्या ते कृषी-वन-महसूल असं तीन टेबलांवर फिरतं.

*

खवले मांजर. याच्याइतका निरुपद्रवी जीव शोधून सापडायचा नाही. मुंग्या, वाळवी खातो. दात नाहीत. भ्यायला की अंगाचं वेटोळं करून बसतो. वाघापुढे ही युक्ती चालते, माणूस सरळ उचलून पोत्यात घालतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू. खवले ज्याचे बनतात त्याचीच आपली नखं. तरी औषधी म्हणून त्यांना भाव. 2016 मध्ये ‘साइट्स’ करारानं सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली, 2020 मध्ये चीननं अधिकृत औषधांच्या यादीतून खवले काढले. आणि ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या मोजणीनुसार 2018 ते 2022 या पाच वर्षांत भारतात 342 जप्त्यांमध्ये 1203 खवले मांजरं सापडली. जप्त्यांत ओडिशा पहिलं आणि दुसरा नंबर महाराष्ट्राचा. हा दुसरा नंबर कुणी फलकावर लावत नाही.

कोकणातली एक हकिकत यावर उतारा म्हणून. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था वेळासच्या कासवांमुळे लोकांना माहीत आहे. तिनं खवले मांजरावर काम घेतलं तेव्हा प्रश्न होता की रात्री फिरणाऱ्या, कुणी धड न पाहिलेल्या प्राण्याबद्दल गावाला जिव्हाळा वाटावा कसा. 2020 च्या फेब्रुवारीत डुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवली, ढोल-ताशे लागले, पालखी नाचवली. कोकणात एकदा पालखीत बसलेल्याला हात लावायची छाती कुणाची होत नाही. जनजागृतीच्या पत्रकांवर किती पैसे जातात ते पाहता ही पालखी फार स्वस्त पडली.

*

मांडूळ. राज्यात महिना जात नाही की ‘मांडूळ विकायला आलेले तिघे जेरबंद’ ही बातमी येत नाही. ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही. बनावट ग्राहक पाठवायचा, हॉटेलच्या पार्किंगमध्ये सौदा, पोत्यातून साप बाहेर. पकडलेली पोरं वीस-पंचविशीची, हाताला काम नसलेली. किमतीचा आकडा बातमीत लाखांत, कधी कोटीत. खरा खरेदीदार मात्र कुठल्याच बातमीत नसतो. गुप्तधन दाखवतो, वजन अमुक भरलं तर किंमत दहापट, अशा थापांवर हा बाजार उभा आहे. प्रत्येक जण वरच्याला विकायच्या भरवशावर खालच्याकडून घेतो. शेपूट बोथट, डोक्यासारखं दिसणारं, म्हणून दुतोंड्या. काम काय, तर शेतातले उंदीर खाणं.

वर्तमानपत्रांनी तो किमतीचा आकडा छापणं बंद करावं, ही माझी जुनी तक्रार. पोलीस सांगतात आणि आपण छापतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बांधावर काठी घेऊन फिरायला लागतो.

आणि जप्त झालेल्या सापाचं काय? रात्र ठाण्यातल्या प्लॅस्टिकच्या टबात. मग वनखातं, पशुवैद्य, कोर्टाची परवानगी. सोडायचा तर कुठे? तो नगरच्या माळावरचा की सोलापूरचा, आरोपी सांगत नाही. शेवटी जवळच्या जंगलात. माळरानाचा साप पानगळीच्या रानात सोडला की फाईल बंद होते. साप जगतो की नाही, कोण पाहतं.

*

मुंबई विमानतळ, 1 जून 2025. थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना 44 इंडोनेशियन पिट व्हायपर, शेपटीवर कोळ्यासारखी रचना असलेले तीन शिंगाडे व्हायपर आणि पाच कासवं सापडली. विषारी साप, बॅगेत, माणसांनी भरलेल्या विमानात! गेल्या काही वर्षांत बँकॉकच्या विमानांतून इग्वाना, अजगर, माकडं, पक्षी असं काय काय उतरलंय. आजवर आपण भारताकडे माल जिथून बाहेर जातो तो देश म्हणूनच पाहत होतो. आता गिऱ्हाईक इथलंच आहे : पुण्या-मुंबईतला, बंगळुरातला हौशी माणूस, ज्याला दिवाणखान्यात निळा सरडा हवा.

इथे कायदा अनेक वर्षं तोकडा होता. भारत ‘साइट्स’मध्ये 1976 पासून आहे, पण परदेशी प्राणी एकदा सीमा ओलांडून आत आला की तो कुणाच्याच यादीत नसे. 2022 च्या दुरुस्तीनं त्यासाठी वेगळी अनुसूची केली, 2024 च्या नियमांनी पाळणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली. दुकानांतली तपासणी मात्र कोण करणार, हे अजून नीट ठरलेलं दिसत नाही. वनरक्षकाला चितळ-सांबर ओळखायला शिकवलेलं असतं, मकाव नव्हे.

*

चित्रकार मित्रांसाठी टिपण. जुने ‘सेबल’ म्हणून विकले गेलेले मऊ ब्रश पाहून घ्या. त्यांतले कितीतरी मुंगसाच्या केसांचे. किलोभर केसांना सुमारे 50 मुंगसं लागतात. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोनं ‘क्लीन आर्ट’ नावानं अनेक राज्यांत एकाच वेळी धाडी घातल्या, त्यात मुंबई-पुणेही होतं. कृत्रिम केसांचे ब्रश आता उत्तम मिळतात.

पूजासाहित्यवाल्यांकडची ‘हत्थाजोडी’ ही तर वनस्पतीची मुळी नव्हेच. ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. 2017 मध्ये प्रयोगशाळेनं हे दाखवून दिलं. शेंदूर लावून, डबीत ठेवून लोक ती तिजोरीत ठेवतात.

*

पावसाळा. ताडोबाचा गाभा जुलैपासून पर्यटनाला बंद. शहरात वाटतं, जंगल विश्रांती घेतंय. शिकाऱ्यांचा हाच हंगाम : रस्ते खचलेले, गाडी जात नाही, बूट बुडतील इतकं गवत. म्हणून पावसाळी गस्त पायीच. संरक्षण कुटीत दोन-तीन माणसं, छत गळतं, सरपण ओलं, चार्जिंग सौर पट्टीवर आणि ऊन नाही. मोबाइलमधल्या ‘एम-स्ट्राइप्स’ ॲपवर चालल्याची रेघ उमटावी लागते. साहेबांना महिनाअखेर किलोमीटर दिसतात. ओळीतले खडे दिसले का, हे त्यात कुठे भरायचं?

उन्हाळ्यात उलटं : पाणवठे. पाण्यात युरिया-कीटकनाशक टाकलंय का ते बघायचं, काठावरची मेलेली पाखरं बघायची. मध्येच जाळरेषा, वणवा, गणना. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोबाच्या कोलारा भागात गणनेच्या तयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं. सोबत तीन मजूर होते, हातात काठ्या. त्यानंतर चार दिवस चर्चा झाली. वाघ वाचवण्याच्या बातमीत वाघाचं नाव असतं, वनरक्षक बहुधा अनामिक.

*

पारधी. शिकारीची बातमी आली की जवळच्या पालांवर छापा पडतो, चुली लाथाडल्या जातात. मध्य प्रदेशातून आलेली संघटित टोळी वेगळी आणि गावाबाहेर लावे-तितर धरून पोट भरणारा फासेपारधी वेगळा, हा फरक धाडीच्या घाईत कुणी करत नाही. 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमाती 1952 मध्ये त्या शिक्क्यातून मोकळ्या झाल्या. शिक्का मारणाऱ्यांची सवय मोकळी झाली नाही.

याउलट अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीनं फासेपारधी मंडळी तणमोर या पक्ष्यासाठी माळरानं राखतात. तणमोर कुठल्या गवतात उडी मारून नाचतो, अंडी कुठे असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पारध्यांकडून, आदिवासींकडून आपण जंगल शिकलो असं मारुती चितमपल्ली आयुष्यभर सांगत राहिले, आणि ते स्वतः वनाधिकारी होते.

केरळातल्या पेरियारनं हे खात्याच्या पातळीवर करून दाखवलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे रानदालचिनीची साल चोरून नेणाऱ्यांशी बोलणी झाली. खटल्यांचा तिढा सोडवून त्यांचीच समिती केली. चोरवाटा माहीत असलेली ती माणसं पर्यटकांना फिरवू लागली आणि त्याच फेऱ्यांत गस्त घालू लागली. 2022 च्या मूल्यमापनात देशातल्या 51 व्याघ्रप्रकल्पांत पेरियार पहिलं आलं. आपल्याकडचे प्रकल्प तिथे अभ्यासदौऱ्याला जातात. परतल्यावर फोटो येतात.

*

माहिती कोण देतं? गावच. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली बाई अनोळखी पाऊलवाट ओळखते. आठवडी बाजारात कुणी नवा माणूस वाघाबद्दल जास्त चौकशी करतोय, हे चहावाल्याला आधी कळतं. ती माहिती वनरक्षकापर्यंत पोहोचेल की नाही, हे गेल्या वर्षी त्याच वनरक्षकानं त्या बाईची सरपणाची मोळी जप्त केली होती का यावर ठरतं. ताडोबाच्या वेशीवरच्या गावांना प्रवेशशुल्कातला वाटा मिळतो, पोरं गाइड-चालक झालीत, तिथे फोन येतात. फाटकापासून लांबच्या, ज्यांच्या वाट्याला वाघ येतो पण जिप्सी येत नाही अशा गावांतून फोन येत नाहीत. त्या गावांना कशाबद्दल कृतज्ञ राहायचं?

*

शेवटी आपल्या घरातलं. आजोबांच्या काळचं सोन्यात मढवलेलं वाघनख कपाटात असेल आणि त्याचं मालकी प्रमाणपत्र नसेल, तर ते बाळगणं गुन्हा आहे. वनखात्याशी बोलून रीतसर जमा करा. (बाजारात मिळणारी बहुतेक वाघनखं खुराची नाहीतर शिंगाची नकली असतात, पण अस्सलाची हौस तीच वाढवतात.) पिंजऱ्यातला हिरवा पोपटही बेकायदाच, भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंदी आहे. पुण्य म्हणून पोपट विकत घेऊन सोडू नका, विकणारा दुसऱ्या दिवशी तितकेच धरून आणतो. मांडूळ, कासव, घुबड विकण्याची रील दिसली तर चारचौघांना पाठवू नका. स्क्रीनशॉट काढा, नंबर-ठिकाण टिपा आणि वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला 1926 वर कळवा. फोन निःशुल्क आहे.